दृश्य तबकड्या : डीव्हीडी आणि उच्च स्पष्टतेच्या तबकड्या

चित्रपट व अन्य दृश्य कार्यक्रम घरातील दूरचित्रवाणी संचावर हवे तेव्हा पाहता यावेत, यासाठी चित्र व ध्वनी नोंदून ठेवलेल्या आणि लेसर किरणाच्या साहाय्याने वाचल्या जाणाऱ्या तबकड्यांना दृश्य तबकड्या म्हणतात. १९९६ मध्ये विक्रीस आलेली डीव्हीडी ही यांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेल्या तबकड्यांपैकी एक होय. तिच्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, एचडी डीव्हीडी व ब्ल्यू-रे या उच्च स्पष्टतेच्या दोन तबकड्या चित्रपटांसह बाजारात आल्या. या तबकड्यांवरील चित्रात डीव्हीडीच्या पाच ते सहा पट बिंदू असत. असे असूनही डीव्हीडीने चित्रफितीला ज्याप्रमाणे अल्पावधीत हटविले, त्याप्रमाणे उच्च स्पष्टतेची तबकडी डीव्हीडीला हटवू शकली नाही. याचे एक कारण किंमत व वितरण यांत असले, तरी दुसरे कारण खुद्द चित्रदर्जाच्या स्वरूपात आहे. तबकडीवर छापलेला आकडा ही चित्राच्या दर्जाची केवळ वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात डोळ्यापर्यंत किती दर्जा पोहोचतो, हे मूळ फिल्म, तिची अंकीय प्रत, संक्षेपण, वाचनयंत्र, पडदा आणि पाहणाऱ्याचे पडद्यापासूनचे अंतर या सर्वांवर मिळून ठरते. यांपैकी एक जरी दुवा दुबळा असला, तरी इतरांचे गुण वाया जातात.

पूर्वपीठिका : घरी चित्रपट पाहण्याची सोय प्रथम चित्रफितींमुळे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. सोनी कंपनीची बीटामॅक्स ही फीत १९७५ मध्ये व जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ही फीत १९७६ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. या दोहोंच्या स्पर्धेत व्हीएचएस टिकली. तिच्यावरील चित्र सदृश पद्धतीचे असून चित्राच्या उंचीइतक्या रुंदीत सु. २४० उभ्या रेषा वेगळ्या ओळखता येत. फीत वारंवार फिरविल्याने झिजत असे आणि प्रतीवरून प्रत काढली की चित्र अधिकच अस्पष्ट होई.

लेसरने वाचली जाणारी पहिली व्यापारी दृश्य तबकडी १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे विक्रीस आली. फिलिप्स व एमसीए या कंपन्यांनी ती विकसित केली होती. लेसरडिस्क या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या तबकडीचा व्यास ३० सेंमी. होता आणि तिच्यावरील चित्रही सदृश पद्धतीचेच होते. चित्रफितीहून ते पुष्कळच स्पष्ट असे. परंतु तबकडीच्या एका बाजूवर जास्तीत जास्त सु. एक तासाचे चित्र मावत असल्याने चित्रपटाच्या मध्ये तबकडी उलटावी लागे. शिवाय घरच्या घरी तिच्यावर नोंद करता येत नसे. यामुळे जपान वगळता तिचा प्रसार चोखंदळ प्रेक्षकांपुरता मर्यादित राहिला.

१९९३ मध्ये व्हिडिओ सीडी पुढे आली. १२ सेंमी. व्यासाच्या ध्वनितबकडीवरच चित्र बसविण्याची ही योजना होती. तिच्यातील चित्रात भारतात प्रचलित असलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत ३५२ × २८८ बिंदू असत आणि चित्रासाठी सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट माहिती उपलब्ध असे. वेगवान हालचालीच्या प्रसंगांत चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटलेले दिसे. तरीही यंत्र व तबकडी दोन्ही स्वस्त असल्यामुळे भारत, चीन व आग्नेय आशियातील देशांत व्हिडिओ सीडी घरोघरी पोहोचली. चित्रदर्जा हा ग्राहकाच्या निवडीतील अनेक घटकांपैकी केवळ एक आहे, ही गोष्ट तेव्हाच दिसून आली होती.

डीव्हीडीचा उदय : १९९० नंतरच्या काही वर्षांत सोनी व फिलिप्स यांची एक आणि तोशिबा, टाइम वॉर्नर, मात्सुशिता इ. कंपन्यांची दुसरी, अशा दोन परस्परविरोधी योजना तयार झाल्या. चित्रफितींच्या स्पर्धेत ग्राहकांचे झालेले नुकसान ताजे असल्याने संगणक उद्योगाने दोन्ही गटांवर दडपण आणले व १९९५ मध्ये एकच मानक ठरले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डीव्हीडी यंत्रांची विक्री सुरू झाली.

डीव्हीडीचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असून ती प्रत्येकी ०.६ मिमी. जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून बनवितात. ती वाचण्यासाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर वापरतात. एका थरावर ४.७ गिगाबाइट व दोन थरांवर ८.५ गिगाबाइट माहिती मावते. ५२५ रेषांच्या पद्धतीत तिच्यावरील चित्रात ७२० × ४८० आणि ६२५ रेषांच्या पद्धतीत ७२० × ५७६ बिंदू असतात. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी याप्रमाणे पहिल्या पद्धतीतील चित्र जसेच्या तसे साठवावयाचे म्हटले, तर सेकंदाला सु. १०० मेगाबिट माहिती लागेल. तबकडीवर मात्र चित्रासाठी जास्तीत जास्त ९.८ आणि सरासरीने सु. ५ मेगाबिटच उपलब्ध असतात. ही तूट एमपेग-२ या संक्षेपण पद्धतीने भरून काढण्यात आली. लगतच्या चौकटींत जे समान असते ते पुन्हा न नोंदणे आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे गाळणे, ही या पद्धतीची मुख्य तत्त्वे होत.

व्हीएचएसच्या तुलनेत डीव्हीडीचे चित्र इतके स्थिर व स्वच्छ होते की, फरक ओळखण्यास कोणत्याही तज्ञाची गरज नव्हती. हव्या त्या प्रसंगावर तत्काळ जाता येणे, फीत मागे गुंडाळावी न लागणे आणि झीज न होणे हे लाभ वेगळेच होते. २००३ च्या जूनमध्ये अमेरिकेत भाड्याने नेल्या जाणाऱ्या डीव्हीडींची साप्ताहिक संख्या प्रथमच चित्रफितींहून अधिक झाली. भारतात २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हिडिओ सीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केला आणि डीव्हीडी ही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्याही आटोक्यात आली.

डीव्हीडीत उणिवाही होत्या. आरंभीच्या अनेक तबकड्यांत रुंद पडद्याचा चित्रपट ४ : ३ प्रमाणाच्या चौकटीत, वर व खाली काळे पट्टे ठेवून नोंदलेला असे, त्यामुळे ४८० पैकी बऱ्याच रेषा काळ्या पट्ट्यांवरच खर्च होत. पुढे चित्र आडवे दाबून नोंदावयाचे व दाखविताना ते पुन्हा रुंद करावयाचे, ही रीत रूढ झाली. तरीही २.३५ : १ प्रमाणाच्या चित्रपटास प्रत्यक्ष सु. ३६३ रेषाच मिळत. चित्र अधिक रेखीव भासावे म्हणून वस्तूंच्या कडा कृत्रिमपणे ठळक करण्यात येत. मोठ्या पडद्यावर या कडांभोवती पांढरट वलये दिसत. लहान काचनळीच्या संचावर हे दोष झाकले जात. संच मोठे व सपाट होऊ लागले, तसतसे ते उघडे पडू लागले.

निळा-जांभळा लेसर : उच्च स्पष्टतेच्या दूरचित्रवाणीचे संशोधन जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९६४ मध्ये सुरू केले. अमेरिकेत अशा अंकीय प्रसारणाचे मानक १९९६ मध्ये मान्य होऊन १९९८ मध्ये प्रसारणास आरंभ झाला. परिणामी काही काळ प्रसारणाचे चित्र घरातील तबकडीच्या चित्राहून सरस, अशी स्थिती निर्माण झाली. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र डीव्हीडीच्या आकाराच्या तबकडीवर बसवावयाचे, तर तबकडीवरील खाचा अधिक सूक्ष्म हव्यात आणि त्या वाचण्यास लेसरचा ठिपका अधिक बारीक हवा. ठिपक्याचा व्यास तरंगलांबीच्या सम प्रमाणात व भिंगाच्या अंकीय द्वारकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आखूड तरंगलांबीचा अर्धसंवाहक लेसर उपलब्ध नव्हता, तोपर्यंत ही वाट बंद होती. जपानमधील निचिया या कंपनीत शूजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडवर केलेल्या कामातून १९९० नंतरच्या दशकात निळा प्रकाश देणारा दीप व पाठोपाठ निळा-जांभळा लेसर साध्य झाला. निळ्या दीपाच्या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, मात्सुशिता, फिलिप्स, पायोनियर, सॅमसंग इ. नऊ कंपन्यांनी ब्ल्यू-रे तबकडीची घोषणा केली. तोशिबा व एनईसी यांनी त्याच वर्षी वेगळी योजना मांडली. तिला पुढे एचडी डीव्हीडी हे नाव मिळाले. दोन्ही तबकड्यांत ४०५ नॅनोमीटरचा लेसर आहे. भेद भिंगात व थराच्या खोलीत आहे. एचडी डीव्हीडीत डीव्हीडीप्रमाणेच माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिमी. खोल असून भिंगाचे अंकीय द्वारक ०.६५ असते. ब्ल्यू-रेत थर अवघा ०.१ मिमी. खोल व द्वारक ०.८५ असते. डीव्हीडीत हे द्वारक ०.६० असते. या आकड्यांवरून हिशोब केला, तर डीव्हीडीच्या तुलनेत एचडी डीव्हीडीत सु. तिप्पट व ब्ल्यू-रेत सु. पाचपट माहिती मावावी, असे निघते. प्रत्यक्षातील एका थराची क्षमता अनुक्रमे १५ व २५ गिगाबाइट आहे, म्हणजे ती या हिशोबाशी जुळते. क्षमतेतील लाभाची किंमतही होती. एचडी डीव्हीडी ही डीव्हीडीच्या यंत्रसामग्रीत थोडे फेरफार करून तयार करता येई. ब्ल्यू-रेसाठी नवी यंत्रसामग्री लागे. शिवाय ब्ल्यू-रेचा थर पृष्ठभागालगत असल्याने ओरखड्यांची भीती होती. त्यामुळे आरंभीची ब्ल्यू-रे तबकडी पेटीत बंद असे. कठीण लेपाचा शोध लागल्यानंतर ही पेटी अनावश्यक ठरली.

स्पर्धा व तिचा शेवट : २००५ मध्ये दोन्ही गटांत एकीकरणाची बोलणी झाली, ती फिसकटली. एचडी डीव्हीडीची यंत्रे मार्च २००६ मध्ये जपानमध्ये व एप्रिलमध्ये अमेरिकेत आली. तेथे तोशिबाच्या स्वस्त यंत्राची किंमत ४९९ डॉलर होती. जूनमध्ये सॅमसंगचे ब्ल्यू-रे यंत्र ९९९ डॉलरना विक्रीस आले. चित्रपटनिर्मात्या कंपन्याही विभागल्या गेल्या. युनिव्हर्सल कंपनी केवळ एचडी डीव्हीडीच्या बाजूस, तर सोनी, डिस्ने व फॉक्स ब्ल्यू-रेच्या बाजूस होत्या. वॉर्नर कंपनी दोन्ही तबकड्या काढी. पॅरामाउंट कंपनीने ऑगस्ट २००७ मध्ये ब्ल्यू-रे सोडून केवळ एचडी डीव्हीडीस पाठिंबा दिला.

या स्पर्धेत दोन तबकड्यांच्या चित्रदर्जाविषयी पुष्कळ वाद झाले. ब्ल्यू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत व एचडी डीव्हीडीवर सु. २९ मेगाबिटपर्यंत माहिती मिळू शकत होती. परंतु दोहोंतील चित्रबिंदूंची संख्या एकच होती व संक्षेपणाच्या पद्धतीही त्याच होत्या. वॉर्नर कंपनी तर अनेकदा एकच संक्षेपित चित्र दोन्ही तबकड्यांवर घाली. अशा तबकड्यांच्या चित्रांत फरक असण्याचे कारणच नव्हते. किंबहुना ब्ल्यू-रेच्या अगदी पहिल्या तबकड्या क्षमतेने वरचढ असूनही चित्राने निराशाजनक ठरल्या. जून २००६ मध्ये निघालेली ‘द फिफ्थ एलिमेंट’ या चित्रपटाची तबकडी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या चित्रपटाची डीव्हीडी उत्तम चित्राचा नमुना म्हणून दुकानांतून दाखविली जाई. ब्ल्यू-रेच्या चित्राबद्दल मात्र इतक्या तक्रारी आल्या की, सोनीने २००७ मध्ये नव्या अंकीय प्रतीवरून ती पुन्हा काढली.

निर्णय झाला तो चित्रदर्जावर नव्हे. नोव्हेंबर २००६ पासून विकल्या जाणाऱ्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रात ब्ल्यू-रे वाचक अंतर्भूत असल्याने तो लक्षावधी घरांत आपोआप पोहोचला. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे केवळ ब्ल्यू-रेच काढणार असल्याचे जाहीर केले. मोठ्या विक्रेत्यांनीही पाठ फिरविली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी यंत्रांचा विकास, उत्पादन व विक्री थांबविण्याचा निर्णय घोषित केला. दोन वर्षे वाट पाहत राहिलेले ग्राहक या काळात डीव्हीडीच विकत घेत होते, हा या स्पर्धेचा सर्वांत दूरगामी परिणाम ठरला.

चित्रदर्जाची तुलना : बिंदूंच्या संख्येने पाहता, डीव्हीडीच्या चौकटीत ५२५ रेषांच्या पद्धतीत ३,४५,६०० व ६२५ रेषांच्या पद्धतीत ४,१४,७२० बिंदू असतात. ब्ल्यू-रेच्या चौकटीत २०,७३,६०० बिंदू असतात. म्हणजे हे प्रमाण अनुक्रमे बरोबर सहापट व पाचपट भरते. रंगाचा तपशील दोन्ही तबकड्यांत प्रकाशमानतेच्या तपशिलाच्या एक-चतुर्थांश इतकाच ठेवलेला असतो. तरीही ब्ल्यू-रेतील रंगाचे बिंदू (९६० × ५४०) डीव्हीडीतील प्रकाशमानतेच्या बिंदूंपेक्षा अधिक भरतात. यामुळे तांबड्या वस्त्रांच्या कडा, दिव्यांच्या पाट्या, दूरच्या झाडांची पाने अशा ठिकाणी फरक विशेष जाणवतो. उजेड व अंधार यांच्या पायऱ्या मात्र दोन्ही तबकड्यांत ८ बिटांच्याच असल्याने, आकाश किंवा धुके यांच्या हळुवार छटांत पट्टे दिसण्याचा दोष ब्ल्यू-रेतही पूर्णपणे नाहीसा होत नाही.

हालचालीच्या बाबतीतील फरक पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेला असतो. ५२५ रेषांच्या पद्धतीत त्याचे सेकंदाला ६० क्षेत्रांत रूपांतर करताना चौकटी आलटून पालटून तीन व दोन क्षेत्रे दाखवाव्या लागतात; कॅमेरा संथपणे फिरत असताना यामुळे चित्राला हलकेसे हिसके बसतात. ६२५ रेषांच्या पद्धतीत चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी पळविला जातो. १०० मिनिटांचा चित्रपट त्यामुळे ९६ मिनिटांतच संपतो आणि वेगळी दुरुस्ती न केल्यास पात्रांचे आवाजही किंचित चढे ऐकू येतात. ब्ल्यू-रेवर चित्रपट २४ चौकटींच्या मूळ गतीनेच नोंदता येतो. अर्थात या गतीचे चित्र स्वीकारणारा संच नसेल, तर हा लाभ मिळत नाही.

डीव्हीडीचे चित्र मोठ्या पडद्यावर दाखविताना यंत्र किंवा संच मधले बिंदू अंदाजाने भरून काढतो. चांगल्या यंत्रात हे काम इतके सफाईने होते की, जवळून टिपलेले चेहरे उच्च स्पष्टतेचे असल्याचा भास होतो. परंतु या क्रियेने नवी माहिती निर्माण होत नाही. दूरच्या गर्दीतील चेहरे, पाटीवरील बारीक अक्षरे, कापडाची वीण हे सर्व डीव्हीडीत मुळातच नसल्याने कोणतेही यंत्र ते परत आणू शकत नाही.

पडदा व अंतर : निरोगी डोळा सर्वसाधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनाने विलग असलेले दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. यावरून हिशोब करता, १०८० रेषांचे चित्र पूर्ण बारकाव्यानिशी दिसण्यास पडद्याच्या उंचीच्या सु. ३.२ पट अंतरावर किंवा त्याहून जवळ बसावे लागते. ४८० रेषांच्या चित्रात ही मर्यादा उंचीच्या सु. ७.२ पट असते. ८१ सेंमी. (३२ इंच) कर्णाच्या रुंद पडद्याची उंची सु. ४० सेंमी. असते. म्हणजे अशा संचासमोर तीन मीटरवर बसणाऱ्यास डीव्हीडीच्याच रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. तेथे अधिक रेषा पुरवून फारसा उपयोग नाही. उच्च स्पष्टतेचा पूर्ण लाभ घेण्यास त्याला सु. सव्वा मीटरपर्यंत पुढे यावे लागेल. १२७ सेंमी. (५० इंच) कर्णाच्या संचावर मात्र हे अंतर सु. दोन मीटर होते आणि साडेचार मीटरच्या आत फरक जाणवू लागतो. अडीच मीटर रुंदीच्या प्रक्षेपण-पडद्यासमोर साडेचार मीटरवर बसणारा प्रेक्षक दोन्ही तबकड्यांतील भेद सहज ओळखतो.

हा हिशोब स्थूल आहे. संक्षेपणाने उमटणारे ठोकळे व कडांभोवतीची वलये एका बिंदूहून मोठी असल्याने ती अधिक दुरूनही दिसतात. उलट २००६ च्या सुमारास उच्च स्पष्टतेचे म्हणून विकल्या गेलेल्या अनेक सपाट संचांत प्रत्यक्षात १३६६ × ७६८ बिंदूच होते. ब्ल्यू-रेवरील निम्मे बिंदू त्यांवर दिसूच शकत नव्हते. सर्वसाधारण खोलीत, मध्यम आकाराच्या संचासमोर बसणाऱ्या कुटुंबास डीव्हीडी पुरेशी वाटली, ती त्यांच्या अज्ञानामुळे नव्हे. त्या अंतरावर त्यांच्या डोळ्यांनी दिलेला निर्णय योग्यच होता. म्हणूनच घरी तुलना करावयाची झाल्यास एकाच अंकीय प्रतीवरून निघालेल्या दोन तबकड्या, एकच संच, संचाची तीच मांडणी आणि बसण्याचे नेहमीचे अंतर या अटी पाळणे आवश्यक असते. दुकानात पडद्याजवळ उभे राहून केलेली तुलना घरी लागू पडेलच असे नाही.

मूळ चित्राचे महत्त्व : तबकडीच्या क्षमतेपेक्षा मुळात चित्र कशावर टिपले होते, याला अधिक महत्त्व आहे. डॅनी बॉइल यांचा ‘२८ डेज लेटर’ (२००२) हा चित्रपट बहुतांशी साध्या अंकीय चित्रफितीच्या कॅमेऱ्याने चित्रित झाला आहे. ब्ल्यू-रेवर त्याचे चित्र डीव्हीडीहून फारसे पुढे जात नाही, कारण मुळातच तितका तपशील टिपलेला नाही. याउलट ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–९४) ही दूरचित्रवाणी मालिका ३५ मिमी. फिल्मवर चित्रित होऊन तिचे संकलन मात्र चित्रफितीवर झाले होते. डीव्हीडीवर ती त्या चित्रफितीइतकीच अस्पष्ट राहिली. २०१२ ते २०१४ या काळात मूळ निगेटिव्हवरून सर्व भागांचे नव्याने संकलन करून ब्ल्यू-रे काढण्यात आल्या, तेव्हा पंचवीस वर्षे कोणीही न पाहिलेला तपशील प्रेक्षकांसमोर आला.

अधिक स्पष्टतेचा विपरीत उपयोगही झाला. फिल्मवरील चित्र रासायनिक कणांनी बनलेले असते व उच्च स्पष्टतेत हे कण दिसू लागतात. काही कंपन्यांनी त्यांना दोष समजून ते पुसून टाकले. त्याबरोबर त्वचेचे छिद्र, सुरकुत्या व वस्त्रांचा पोतही पुसला गेला आणि चेहरे मेणाचे असावेत तसे दिसू लागले. ‘पॅटन’ (१९७०) या चित्रपटाची २००८ ची ब्ल्यू-रे आणि ‘प्रिडेटर’ (१९८७) याची २०१० ची ब्ल्यू-रे यांवर याबद्दल टीका झाली. अशा तबकडीत बिंदू सहापट असले, तरी त्यांत सांगण्यासारखे काही उरलेले नसते.

जतन केलेल्या मूळ फिल्मचे मोल भारतीय चित्रपटांच्या संदर्भात विशेष तीव्रतेने प्रत्ययास आले. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) व ‘अपूर संसार’ (१९५९) या चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. त्या निरुपयोगी समजल्या जात होत्या. अनेक वर्षांनंतर इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी ठिसूळ झालेल्या फिती हाताने दुरुस्त करून ‘पथेर पांचाली’चा सु. ४० टक्के व ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळविला, उर्वरित भाग अन्य प्रतींवरून घेतला. २०१५ मध्ये ही त्रयी ब्ल्यू-रेवर आली. तोवर घरी पाहिल्या जाणाऱ्या झिजलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्या प्रतींशी तिची तुलना केली असता दिसणारा फरक केवळ बिंदूंच्या संख्येने स्पष्ट होत नाही. तो मुख्यत्वे प्रत कोणत्या फिल्मवरून व किती निगुतीने काढली, याचा फरक आहे.

उत्तरकाल : २०१६ मध्ये अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे ही तबकडी बाजारात आली. तिच्यावरील चित्रात ३८४० × २१६०, म्हणजे ब्ल्यू-रेच्या चौपट बिंदू असतात. डोळ्यास अधिक जाणवणारी सुधारणा मात्र बिंदूंच्या संख्येत नसून उजेडाच्या विस्तृत पल्ल्यात व १० बिटांच्या रंगछटांत आहे. ती दूर बसूनही दिसते. तथापि तोपर्यंत इंटरनेटवरून थेट चित्रपट पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली होती. तेथे चित्रासाठी मिळणारी माहिती तबकडीच्या मानाने बरीच कमी असते. पण सोय अधिक असते. व्हिडिओ सीडीच्या काळी लागू पडलेला नियम पुन्हा एकदा लागू पडला. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवी ब्ल्यू-रे यंत्रे काढणे थांबविले. डीव्हीडी टपालाने पाठविण्याच्या व्यवसायातून उभ्या राहिलेल्या नेटफ्लिक्स कंपनीने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

यानंतरही तबकड्यांचे एक महत्त्व शिल्लक राहिले. इंटरनेटवरील चित्रपट हक्कांचे करार संपताच यादीतून नाहीसा होऊ शकतो किंवा त्याची प्रत न कळत बदलली जाऊ शकते. विकत घेतलेली तबकडी घरात तशीच राहते. चित्रपट गाजलेला नसेल व त्याची डीव्हीडीच निघालेली असेल, तर ४८० किंवा ५७६ रेषांची ती प्रत हाच कित्येकदा सामान्य प्रेक्षकास उपलब्ध असलेला एकमेव चांगला पुरावा ठरतो. तबकडीही शेवटी एक प्रतच होय. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संग्रहांत जोपर्यंत मूळ फिल्म सुस्थितीत आहे, तोपर्यंत तिच्यावरून प्रत्येक नव्या साधनासाठी अधिक चांगली प्रत काढता येते. जेथे फिल्म नष्ट झाली आहे, तेथे उरलेली जुनी डीव्हीडी कितीही मोठ्या व सूक्ष्म पडद्यावर दाखविली, तरी तिच्यात आहे त्याहून अधिक काही दिसणे शक्य नाही.